रात्रभरात बॅटरी बसते, जुना डिझेल पिकअप. करंट जातोय कुठे?

द्राक्षगाडी_निफाड

नमस्कार मंडळी. २००८ चं मॉडेल, सिंगल केबिन डिझेल पिकअप. मेकॅनिकल पंप आहे, म्हणजे इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे काही नाही. बॅटरी ७५ एएच (अँपिअर-तास), चौदा महिन्यांची.

संध्याकाळी आठला पिंपळगावहून येऊन गाडी लावतो. सकाळी सहाला चावी फिरवली की सेल्फ नुसता कट-कट करतो. दुसऱ्या बॅटरीची जम्प दिली की लगेच चालू. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं, गेले पंधरा दिवस रोजचं झालंय.

आतापर्यंत केलेलं: टर्मिनल घासून ग्रीस लावलं. पाणी बघितलं, सहाही खाने भरलेले आहेत. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट केली, "बॅटरी ओके" म्हणाले. रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं तर सकाळी एका हाकेला चालू होते. हे तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

नंतर बसवलेल्या वस्तू: स्टिरिओ, जीपीएस, हौद्यात एलईडी पट्टी, रिव्हर्स हॉर्न, मोबाईल चार्जर, फास्टॅग.

गॅरेजवाले म्हणतात वायरिंग जुनी झाली, पूर्ण हार्नेस नवीन टाका. तो खर्च करण्याआधी स्वतः काही तपासता येईल का? साधा डिजिटल मीटर आहे, १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला.


सातपूर_वायरमन

हार्नेस बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

निगेटिव्ह काढल्यावर सकाळी चालू होते, या एका ओळीत निम्मं निदान झालं. बॅटरी करंट धरून ठेवते, गाडी तो पिते. आता कुठे पिते हे शोधायच्या आधी किती पीत असेल ते कागदावर काढा. हा हिशोब न केल्यामुळेच लोक जीपीएस काढतात, स्टिरिओ काढतात, आणि आठ दिवसांनी परत तिथेच येतात.

७५ एएच बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर डिझेल इंजिनचा सेल्फ थंडीत फिरणं बंद व्हायला त्यातले साधारण ३० ते ४० एएच जावे लागतात. तुमचा वेळ दहा तास. म्हणजे सतत ३ ते ४ अँपिअर. बॅटरी रोज अर्धवटच भरत असेल तर २ ते ३ अँपिअरही पुरतात. तेव्हा आपल्याला शोधायची आहे ती ही एवढी मोठी गळती. मिलीअँपिअरमधली गळती दहा तासांत ही गाडी बसवूच शकत नाही.

आता तुमची यादी या मापाने पाहा. फास्टॅगला गाडीचा करंट लागतच नाही, तो काचेवरचा स्टिकर आहे, टोलवरचा रीडर पाठवतो त्या लहरींवरच चालतो. (हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतो.) मोबाईल चार्जर फोन न लावता ०.०२ अँपिअरच्या आसपास घेतो. जीपीएस ०.०३ ते ०.१. स्टिरिओ नीट जोडलेला असेल तर ०.०१ च्या आत, चुकीचा जोडला असेल तर ०.२ ते ०.५. केबिनचा १० वॅटचा दिवा ०.८, रात्रभरात ८ एएच. यातलं एकही एकट्याने तुमची गाडी बसवत नाही.

बसवू शकतात ते हे:

ब्रेक लाईट. मागचे दोन बल्ब २१ वॅटचे, मिळून ४२ वॅट, म्हणजे ३.५ अँपिअर, दहा तासांत ३५ एएच. हिशोब तंतोतंत बसतो, म्हणून पहिला संशय यावर. पेडल वर आल्यावर स्विचचं बटण दाबणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची बारीक गोटी असते. ती जुनी होऊन भुगा होते, बटण बाहेरच राहतं आणि दिवे चालूच. दिवसा उन्हात ते दिसत नाहीत. रात्री गाडी लावल्यावर मागे जाऊन डोळ्यांनी बघा, मीटर नंतर.

हौद्यातली एलईडी पट्टी. थेट बॅटरीवरून घेतलीय का? पाच मीटरची पट्टी पूर्ण उजेडात २ ते ५ अँपिअर सहज घेते. ताडपत्रीखाली चालू राहिली तर कुणाला दिसणार?

हीटर प्लगचा (थंड इंजिन चालू व्हायला मदत करणाऱ्या प्लगचा) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटणं. पण तो चिकटला तर चार प्लग मिळून ४०-५० अँपिअर जातात, बॅटरी तासा-दीड तासात झोपते आणि रिलेला हात लावला तर भाजतो. तुमचं तसं दिसत नाही.

आणि डायनामोचा (अल्टरनेटरचा) डायोड. हा शॉर्ट झाला तर २ ते ४ अँपिअर पितो आणि कुठल्याही फ्यूजमधून जात नाही, म्हणून फ्यूज काढत बसणाऱ्याला तो सापडत नाही.

आज एवढंच करा: गाडी लावल्यावर अर्ध्या तासाने बॅटरीचा व्होल्टेज घ्या, सकाळी काहीही चालू न करता पुन्हा घ्या. शिवाय इंजिन चालू असताना थोडी रेस देऊन व्होल्टेज. तीन आकडे टाका इथे.


धक्का_स्टार्ट

सोपं आहे भाऊ. इंजिन चालू करा आणि चालू गाडीत निगेटिव्ह टर्मिनल काढा. इंजिन बंद पडलं तर डायनामो गेला, चालू राहिलं तर डायनामो ठीक. आमच्याकडे सगळे असंच करतात.


सातपूर_वायरमन

@धक्का_स्टार्ट हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. बॅटरी ही डायनामोची उशी असते. चालू इंजिनमध्ये ती काढली की व्होल्टेज क्षणभर ४०-५० च्या पुढे उसळी मारतो आणि चांगला असलेला डायोड आणि रेग्युलेटर तिथेच जातात. म्हणजे तपासायला गेलात आणि बिघाड करून आलात.

शिवाय या गाडीत त्या चाचणीला अर्थही नाही. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनला चालू राहायला वीज लागते ती फार तर डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडपुरती (विजेच्या झडपेपुरती). दोन डायोड गेलेला डायनामोसुद्धा तेवढी देतो. इंजिन चालू राहील आणि तुम्ही डायनामोला पास करून टाकाल.


दहा_नंबर_पाना

मीटर लावायची रीत लिहितो, कारण इथेच मीटर जळतात.

आधी तुमच्या मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशेजारी काय छापलंय ते वाचा. स्वस्त मीटरवर तिथे "अनफ्यूज्ड, १० सेकंद" असं असतं. म्हणजे आत फ्यूज नाही, जास्त करंट गेला तर वायर आणि मीटर दोन्ही जातील. म्हणून मीटरच्या आधी बल्ब लावा. मागच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा (दहा नंबरचा पाना), बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी काढलेल्या केबलला. बल्ब मधे असला की कितीही शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. बल्ब लखलखीत पेटला तर गळती अँपिअरमध्ये आहे. तार नुसती लालसर झाली तर काही शे मिलीअँपिअर. काहीच नाही तर बाकी सगळं सोडा, मोठी गळती त्या क्षणी नाहीये.

मग मीटर. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, काळी कॉममध्ये, नॉब डीसी १० अँपिअरवर. बल्बच्या जागी मीटर.

बाकीची काळजी:
चावी काढून खिशात. मीटर लावलेला असताना कुणी चावी फिरवली तर हीटर प्लगचे ४०-५० अँपिअर त्या बारीक वायरीतून जातील. सेल्फ मारला तर विचारूच नका.
दार उघडं असेल तर केबिनचा दिवा लागेल आणि त्याचेच ०.८ तुम्ही गळती म्हणून मोजाल. दाराच्या चौकटीतलं बटण दाबून चिकटपट्टी लावा. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा.
सेंट्रल लॉक किंवा अलार्म नंतर बसवला असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, तो झोपल्यावरचा आकडा खरा.
काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. ती १० अँपिअरमध्ये राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला दोन्ही टोकं बॅटरीला लावलीत की थेट शॉर्ट. मीटर मरतात ते बहुतेक या विसराळूपणानेच.

क्लॅम्प मीटर घ्यायचा विचार असेल तर डीसी अँपिअर मोजणाराच घ्या. घरगुती वायरमनकडचे बरेचसे फक्त एसी मोजतात, गाडीच्या केबलवर शून्य दाखवत बसतात.

या वयाच्या गाडीत ०.०५ अँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी तेवढं घेतेच.

फ्यूज काढायच्या आधी फ्यूज बॉक्सचा मोबाईलवर फोटो काढा. मग एकेक काढत मीटर बघा. काढलेला लगेच परत लावू नका, बाहेरच ठेवा, म्हणजे गळती दोन ठिकाणी असेल तर आकडा पायरीपायरीने उतरताना दिसतो. फ्यूज न काढता बघायचं तर टर्मिनल परत जोडा, मीटर २०० मिलीव्होल्टवर, आणि फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोकं टेका. करंट जात नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजवर १ मिलीव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने ०.१३ अँपिअर, २० च्या फ्यूजवर ०.३.


द्राक्षगाडी_निफाड

सगळ्यांचे आभार. आकडे टाकतो.

गाडी लावून अर्ध्या तासाने १२.४८. सकाळी सहाला ११.९८. जम्प देऊन चालू केल्यावर थोडी रेस देऊन १३.३.

ब्रेक लाईट रात्री मागे जाऊन बघितले, बंद आहेत. एलईडी पट्टीला वेगळा स्विच आहे, तोही बंद, आणि खात्रीसाठी तिची वायरच सोडवून ठेवली.

बल्ब लावला तर चांगला पिवळा पेटला. मग मीटर: २.९ अँपिअर. फ्यूज काढत गेलो. स्टिरिओचा काढल्यावर २.७ झाला. नंतर गेज-मीटरचा काढल्यावर २.६. बाकी सगळे काढले, २.६ तसाच. म्हणजे फ्यूज बॉक्स रिकामा आणि तरी गळती चालूच. हे कसं?

एक विचित्र गोष्ट. चावी खिशात असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद दिसतो. दिवसा दिसत नाही, अंधारात हाताचा आडोसा केला तर कळतो. गेजचा फ्यूज काढला की जातो.


सातपूर_वायरमन

मंद लाल दिवा. सापडलं.

व्यवस्थित सांगतो, कारण तुमचे सगळे आकडे एकाच ठिकाणी बोट दाखवतायत.

डायनामोत सहा मोठे डायोड असतात, तीन पॉझिटिव्ह बाजूचे, तीन अर्थच्या बाजूचे. त्यांचं काम करंट फक्त बाहेर जाऊ देणं. डायनामोच्या पाठीवरच्या मोठ्या नटापासून जाडी वायर बॅटरीपर्यंत जाते, तिच्यावर चोवीस तास १२ व्होल्ट असतात, आणि बॅटरीचा करंट डायनामोत उलटा शिरत नाही तो फक्त या डायोडांमुळे. पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड शॉर्ट झाला की दार उघडं पडतं. करंट त्यातून स्टेटरच्या (न फिरणाऱ्या) गुंडाळीत जातो, तिथून तीन छोट्या डायोडांमधून फील्डच्या ओळीवर (रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीला, करंट देणारी तार), तिथून रेग्युलेटर आणि रोटरमधून अर्थला. रोटरची गुंडाळी ३ ते ४ ओहम असते. वाटेतल्या डायोडांवर आणि रेग्युलेटरवर जाणारा दीड-एक व्होल्ट वजा करून उरलेले साडेदहा भागिले चार: २.६. तुमच्या मीटरवरचा आकडा.

लाल दिव्याचं कारणही तेच. त्या दिव्याचं एक टोक फील्डच्या त्याच ओळीला असतं आणि दुसरं चावीच्या बाजूला. चावी बंद असताना दोन्ही टोकं मेलेली असायला हवीत. इथे डायनामोकडचं टोक जिवंत आहे, म्हणून दिवा उलट्या दिशेने, गेजच्या फ्यूजमधून चावीच्या बाकीच्या सर्किटमध्ये जाऊन मंद पेटतो. गेजचा फ्यूज काढल्यावर जो ०.१ उतरला तो हाच. चावी बंद असताना गेजच्या फ्यूजमधून काहीच जायला नको, हे लक्षात घेतलं तर तो ०.१ म्हणजे २.६ चा पत्ता सांगणारी चिठ्ठी आहे.

चार्जिंग १३.३ वर अडकलंय तेही यातच आलं. एक डायोड गेला की डायनामो लंगडतो. थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ हवा. रात्री जातात २५-३० एएच आणि दिवसा भरतात त्याहून कमी, म्हणून आधी अधूनमधून होणारं आता रोजचं झालं. संध्याकाळचा १२.४८ सुद्धा भरलेल्या बॅटरीचा नाही, भरलेली असती तर १२.६ च्या वर दाखवला असता. सकाळचा ११.९८ गळती चालू असतानाचा आहे, टर्मिनल काढून तासभर थांबलात तर १२.१ च्या जवळ येईल, म्हणजे निम्म्याच्या खाली. त्यात निफाडची डिसेंबरची पहाट आणि हीटर प्लगचा भार. सेल्फ कट-कट करणारच.

डायनामो खोलायच्या आधी तीन खात्र्या करा.

पहिली फुकटची आहे. पहाटे, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून डायनामोच्या अंगावर हात ठेवा. बाकी सगळं लोखंड गार आणि डायनामो कोमट लागेल. २.६ अँपिअर गुणिले १२ म्हणजे तीसेक वॅट रात्रभर आत जळतायत. मग एखादा पाना डायनामोच्या पुलीच्या नटाजवळ किंवा मागच्या बेअरिंगच्या टोकाजवळ न्या. चावी बंद असताना रोटरमध्ये चुंबक नसतो, असला तर नावापुरता. पाना खेचून चिकटला तर फील्ड चालू आहे. दोन्ही जुळलं तर बाकी काही न बघता डायनामो उतरवला तरी चालेल, पण पुढची खात्री कराच.

दुसरी: बॅटरीचं निगेटिव्ह काढा. डायनामोच्या मागचा मोठा नट सोडवून जाडी वायर बाजूला करा आणि टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळा, कारण निगेटिव्ह जोडल्यावर ते टोक जिवंत होणार आहे, बॉडीला लागलं तर ठिणगी. आता मीटर पहिल्यासारखा लावा. २.६ चा ०.०२-०.०३ झाला की संपलं. वायर सुटलेली असताना इंजिन मात्र चालू करू नका.

तिसरी: सगळं परत जोडून इंजिन चालू, मीटर एसी व्होल्टवर, टोकं बॅटरीवर. चांगला डायनामो ०.१ च्या आत असतो, ०.५ च्या वर गेला तर डायोड. पण आधी इंजिन बंद ठेवून तोच मीटर एसीवर लावून बघा. शून्य आला पाहिजे. स्वस्त मीटर कधी २५-२६ दाखवतात, कारण ते डीसी अडवत नाहीत. तसं झालं तर टोकं अदलाबदल करून पाहा, तरीही भरवसा वाटत नसेल तर ही चाचणी सोडून द्या, पहिल्या दोन पुरेशा आहेत.


द्राक्षगाडी_निफाड

डायनामो कोमट. पाना पुलीला चिकटला, ओढून काढावा लागला. जाडी वायर काढल्यावर मीटर ०.०३ (स्टिरिओचा फ्यूज बाहेरच आहे). एसीवर ०.८.

आता डायनामो पूर्ण बदलू की डायोड प्लेट? डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप आहे, त्याला तेलाच्या दोन नळ्या आणि एक जाड होज आहे.


आर्मेचर_अण्णा

प्लेट बदला, पूर्ण डायनामो नको, पण प्लेटपुरतंच काम करून परत बसवू नका. उतरवलाच आहे तर आत काय बघून घ्यायचं ते सांगतो. नाशकात द्वारका, आडगाव नाका कुठेही द्या, पण समोर उभं राहून हे करून घ्या.

उतरवताना व्हॅक्यूम पंपाच्या नळ्यांवर कोणती कुठली ते खूण करा, तोंडं स्वच्छ फडक्याने बंद करा. पंपाच्या दांड्याचं तेलसील बघा. डायनामोच्या आत काळं तेल आलेलं असेल तर डायोड जायचं तेच कारण. तेल आणि कार्बन ब्रशचा चुरा मिळून गाळ होतो, डायोडची उष्णता बाहेर पडत नाही. सील तसंच ठेवलं तर नवीन प्लेटही जाईल.

स्टेटरच्या तारा प्लेटवरून डाग काढून सोडवल्यावरच डायोड मोजा, जोडलेल्या असताना एक शॉर्ट असला की शेजारचेही खराब वाटतात. मीटर डायोडच्या खुणेवर. एका बाजूने ४५० ते ६५०, उलट्या बाजूने काहीच नाही, तो चांगला. दोन्ही बाजूंनी शून्याच्या आसपास म्हणजे गेला. तीन छोटे डायोडही मोजायचे. एकच डायोड बदलून देतो म्हणणारे असतात. दाबून बसवलेला डायोड ठोकून काढताना प्लेट वाकते, नवा नीट बसत नाही, उष्णता जात नाही. पूर्ण प्लेट घ्या, जुन्याइतक्याच किंवा जास्त अँपिअरची.

रोटर: दोन स्लिप रिंगमध्ये ३-४ ओहम, रिंग आणि शाफ्टमध्ये काहीच नाही. स्टेटरची तार आणि लोखंडी गाभा यांच्यातही काहीच नको. गुंडाळीचा एखादाच भाग काळा पडला असेल तर तो शॉर्ट डायोडने भाजला आहे, रिवाइंडिंग लागेल. तिन्ही भाग सारखे तांबूस असतील तर सुटलात. ब्रश ५ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर बदला. बेअरिंग बोटावर फिरवून खरखर लागली की दोन्ही बदला.

तारा परत डागताना डायोडच्या पायाला नाकपक्कड धरायची, म्हणजे उष्णता पक्कड घेते.

एक गोष्ट घाईत राहते. पॉझिटिव्ह प्लेट बॉडीपासून फायबरच्या वॉशर आणि बुशने वेगळी ठेवलेली असते. एक वॉशर राहिला की बॅटरी जोडताक्षणी मोठी ठिणगी आणि नवीन प्लेट भंगारात. म्हणून गाडीवर चढवण्याआधी मीटर डायोडवर ठेवून लाल टोक डायनामोच्या बॉडीला, काळं मोठ्या बोल्टला: ९०० ते ११०० दाखवायला हवा, दोन डायोड एकामागे एक आहेत म्हणून. टोकं उलटी केली की काहीच नाही. दोन्हीकडे शून्य आला तर बसवू नका, परत खोला.

बसवताना पंपाच्या तेलाच्या तोंडात थोडं इंजिन ऑइल टाका. बेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण १० मिलिमीटर आत जावा. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी जागेवरून हलवायच्या आधी ब्रेक तपासा: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा मारून कडक करा, दाबून धरा, इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमची होज सैल आहे किंवा फाटली आहे, ब्रेकला जोर मिळणार नाही.

गाडीवर कधी वेल्डिंग केलं होतं का? हौद्याला कठडा, कॅरिअर, असं काही? बॅटरी जोडलेली ठेवून वेल्डिंग केलं की डायोड तिथेच अर्धमेला होतो आणि दोन-तीन महिन्यांनी पूर्ण जातो. पुढच्या वेळी बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि डायनामोची जाडी वायर काढायची, वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जिथे काम आहे तिथून हातभर अंतरावर लावायची.


द्राक्षगाडी_निफाड

वेल्डिंग झालं होतं. क्रेट दोन थर जास्त लावता यावेत म्हणून दिवाळीच्या आधी कठडा वाढवला. बॅटरी काढली नव्हती.

स्टिरिओचं काय करू? तो ०.२ खातोच आहे.


दहा_नंबर_पाना

स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायम करंटची, मेमरीसाठी. लाल चावीवरची. चावी काढल्यावरही गाणी वाजावीत म्हणून दोन्ही एकत्र पिळून कायम करंटवर जोडलेल्या असणार. मग बटणाने बंद केला तरी आतून जागाच राहतो. लाल वेगळी करून चावीच्या ॲक्सेसरीवर घ्या, मीटरवर ०.०१ च्या आत यायला हवा. रात्रीत २ एएच म्हणजे रोज चालणाऱ्या गाडीला काही नाही, पण लिलाव बंद पडून गाडी आठवडाभर उभी राहिली तर ३३-३४ एएच गेले, म्हणजे परत इथेच प्रश्न टाकाल.

पट्टीची वायर परत जोडाल तेव्हा बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज टाका. हौद्यात बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) ड्रम नेत असाल तर मोरचुदाचं पाणी जोडांमध्ये शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि जी वायर कायम जिवंत आहे तिथून बॉडीला हळूहळू करंट पाझरतो. मागच्या दिव्यांच्या वायरी चावी-स्विच बंद असताना मेलेल्या असतात, त्यांचं त्याने रात्री नुकसान नाही. तुमची पट्टी थेट बॅटरीवरची, तिचा स्विच हौद्याकडे असेल तर केबिनमध्ये आणा.


सातपूर_वायरमन

बॅटरीचं राहिलं. दुरुस्त केलेला डायनामो लावून "चालवून चार्ज होईल" असं करू नका. अर्धी रिकामी बॅटरी भरताना डायनामो पूर्ण ताकदीने तापतो, नव्या प्लेटवर पहिल्याच दिवशी तो भार कशाला? बाहेर चार्जरवर ७.५ अँपिअरने पूर्ण भरेपर्यंत, झाकणं सैल करून, हवेशीर जागी, जवळ विडी-काडी नको.

भरल्यावर काही तासांनी हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही खाने बघा. सगळे १.२४ ते १.२८ मध्ये आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा खाना बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर तो गेलाय. पंधरा दिवस रोज निम्म्याच्या खाली गेलेल्या बॅटरीत एखादा खाना रुसलेला निघू शकतो, सेल्फच्या बॅटऱ्या तसल्या वापरासाठी नसतात. पाणी भरलं असेल तर माप लगेच नाही, चार्ज झाल्यावर घ्या, नाहीतर वरचं नुसतं पाणीच मोजाल.


द्राक्षगाडी_निफाड

झालं. दोन पॉझिटिव्ह डायोड गेले होते, एक पूर्ण शॉर्ट आणि एक दोन्ही बाजूंनी २०० च्या आसपास दाखवत होता. तेलसीलही पाझरत होतं, बदललं. स्टेटरची गुंडाळी सारखी तांबूस, वाचली. बॉडी ते बोल्ट १०२०, उलट काही नाही.

बॅटरी चार्ज करून बसवली. थोड्या रेसवर १४.१, हेडलाईट लावून १३.९. एसीवर मीटरला आकडाच येत नाही. चावी बंद करून ०.०२, स्टिरिओची वायर वेगळी केल्यानंतरचा. लाल दिवा अंधारातही नाही. पाच खाने १.२६, तिसरा १.२३.


सातपूर_वायरमन

तिसरा जरा खाली आहे, पण फरक ०.०३ चाच, ०.०५ च्या आत. महिन्याने परत मोजा, १.२० च्या खाली गेला तर थंडी संपायच्या आत बॅटरी बदलावी लागेल. गेजचा फ्यूज परत लावलात ना?


द्राक्षगाडी_निफाड

लावला. आधी विसरलोच होतो, डिझेलचा काटा हलेना तेव्हा आठवलं.